देशाचा व्यवहारतोल कसा वाचावा: कोकणातल्या वाचकासाठी पायरी-पायरीने

दर महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास पेपरात एक मथळा ठरलेला असतो: व्यापारतूट वाढली, किंवा व्यापारतूट घटली. वाढली की चहाच्या टपरीवर देश बुडायला निघतो, घटली की दुसऱ्या दिवशी तोच देश महासत्ता होतो. व्यापारतूट ही हिशेबाची फक्त पहिली ओळ आहे, आणि आपल्याकडे ती जवळजवळ कायमच उणे असते. विचारायचा प्रश्न त्यापुढचा आहे: ही तूट कुठल्या पैशाने भरली, कमावलेल्या की उसन्या?

कोकणाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. गिरण्यांच्या काळात इथली गावं कडधान्यापासून कपड्यापर्यंत बहुतेक सगळं बाहेरून आणायची आणि विकायला त्यांच्याकडे मोजकंच असायचं. गावाचा व्यापार तोट्यात, पण मुंबईहून चाकरमान्याची मनीऑर्डर यायची आणि वाण्याची उधारी फिटायची. मनीऑर्डर चुकली की सावकाराकडे जावं लागे. देशाचा हिशेब ह्याच धर्तीवर चालतो, फक्त रकाने जास्त आणि चलन डॉलर. ते रकाने कुठे सापडतात आणि कुठल्या क्रमाने वाचायचे, ते आता बघू.

पायरी १: तीन कागद, तीन वेगळी कामं

पहिला कागद वाणिज्य मंत्रालयाचा, दर महिन्याचा. तो कस्टमच्या कागदपत्रांवर उभा असतो आणि आकडे जुळवण्याचं काम कोलकात्याचं एक सरकारी महासंचालनालय करतं. दुसरा रिझर्व्ह बँकेचा, दर तिमाहीचा, तिमाही संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी येणारा. देशाच्या बाहेरच्या जगाशी झालेल्या सगळ्या व्यवहारांचा हिशेब, म्हणजे व्यवहारतोल म्हणतात तो हा. तिसराही रिझर्व्ह बँकेचाच, दर शुक्रवारी येणारा, परकीय चलनाच्या गंगाजळीचा.

मासिक आकडा ताजा असतो, पण कच्चा. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलरच्या आसपास जाहीर झाली, विक्रमी व्यापारतुटीचे मथळे झाले, आणि काही आठवड्यांनी तोच आकडा ९.८ अब्जांवर आणला गेला. पाच अब्ज डॉलर कागदावरून उडाले. दुरुस्तीची बातमी अर्थातच आतल्या पानावर. म्हणून महिन्याच्या आकड्यावर मत बनवू नका. तो फक्त नोंदून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात शेवटी मोठा तक्ता असतो आणि प्रत्येक ओळीला तीन रकाने: जमा, नावे, निव्वळ. पहिल्या वाचनात फक्त निव्वळ बघा. हा तक्ताही पुढे सुधारला जातो. २०२३-२४ ची चालू खात्याची (माल, सेवा आणि उत्पन्न ह्या ओळींची बेरीज) तूट आधी २३.२ अब्ज डॉलर सांगितली होती, वर्षभराने ती २६ अब्ज झाली.

एकक जपा. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. डॉलर ८५ रुपये धरला तर एक अब्ज डॉलर म्हणजे साडेआठ हजार कोटी रुपये. वर्तमानपत्रं कधी कोटी डॉलर, कधी लाख कोटी रुपये लिहितात आणि वाचणाऱ्याचा पार गोंधळ उडतो. सगळं अब्ज डॉलरमध्ये आणून घ्या.

पायरी २: मालाची ओळ वाचा, पण बंदर बघून फसू नका

उरणजवळचं न्हावा-शेवा हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. तिथून जाणारा माल बघून ‘कोकणची निर्यात’ मोजणारे लोक भेटतात. त्या कंटेनरांत गुजरातचं, पंजाबचं, मराठवाड्याचं काहीही असू शकतं. बंदर ही वाट आहे. माल कुठे तयार झाला ते शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातदार कस्टमला देतो त्या कागदात, वेगळं नोंदवलेलं असतं.

कोकणात पिकून किंवा पकडून बाहेर जाणाऱ्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत: हापूस, काजूगर, मासळी. त्यांच्या मोजणीत एक खाच आहे. समजा, रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने दुबईला आंब्याचा कंटेनर भाडं आणि विमा धरून ३०,००० डॉलरला विकला आणि त्यात जहाजाचं भाडं-विमा ३,००० चा. निर्यात म्हणून नोंद होते २७,००० ची, कारण निर्यात बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीला मोजतात. आयात मात्र आपल्याकडे भाडं-विम्यासकट मोजली जाते. वेंगुर्ल्याच्या कारखान्यासाठी टांझानियाहून किंवा बेनिनहून काजू बी आली, तर तिचं समुद्रभाडंही आयातीच्या आकड्यात बसतं. दोन बाजूंची मापं वेगळी असल्याने मालाची तूट आहे त्याहून थोडी फुगलेली दिसते. फार नाही, पण वाद घालताना ठाऊक असावं.

आता काजूचंच बघा. बी आफ्रिकेतून येते, गर इथे निघतो, आणि त्या गराचा मोठा भाग हल्ली देशातच खपतो. म्हणजे काजूचा धंदा जोरात चालला, माणसांना काम मिळालं, तरी डॉलरच्या हिशेबात तो आयात वाढवणारा ठरू शकतो. रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, असं सर्रास बोललं जातं. बी डॉलरमध्ये घेऊन गर रुपयात विकणाऱ्या कारखानदाराला विचारून बघा, तो काय म्हणतो ते.

मासळीचंही थोडं असंच. देशाची मत्स्यनिर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलर होती. तिच्यात गोठवलेली कोळंबी सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क चढवलं, तेव्हा सगळी भिस्त एकाच गिऱ्हाईकावर ठेवण्याचा धोका सगळ्यांना दिसला. दुसरी बाजू डिझेलची. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून ट्रॉलर निघतो तो ज्या तेलावर, ते बहुतांश आयात केलेल्या कच्च्या तेलातूनच आलेलं असतं. निर्यातीचे डॉलर मोजताना ते डिझेल कोणी वजा करत नाही.

आयातीची बाजू तर आपल्या किनाऱ्यावर डोळ्यांनी दिसते. गुहागर तालुक्यात अंजनवेलला द्रवरूप गॅसची जहाजं लागतात, जयगडला कोळसा उतरतो, धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे कच्चा माल जातो. घरात बघाल तर गॅस सिलिंडर आणि तळणीतलं पामतेल. देशाच्या आयातीत सगळ्यांत जड ओळ तेलाची: २०२४-२५ मध्ये कच्चं तेल आणि पेट्रोलियम पदार्थ मिळून सुमारे १८६ अब्ज डॉलर. त्यानंतर बघायची ओळ सोन्याची, सुमारे ५८ अब्ज. मालाची तूट अचानक हलली की आधी ह्या दोन ओळी तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं, आणि तेलाच्या बाबतीत आपण जास्त तेल घेतलं की तेच तेल महाग झालं, हेही लगेच बघून घ्या.

पायरी ३: सेवा

इथे फार थांबायला नको. पुणे-बंगळुरूचं सॉफ्टवेअर, सल्लासेवा, परदेशी कंपन्यांची भारतातली कार्यालयं, हे सगळं ह्या ओळीत येतं आणि ही ओळ दणकून अधिक असते. कोकणाचा वाटा म्हणायचा तर तारकर्लीला डायव्हिंगला आलेला परदेशी पाहुणा. त्याने खोलीचं भाडं आणि माशाच्या थाळीचे पैसे दिले, ती देशाची सेवानिर्यात झाली. उलट चिपळूणची मुलगी शिकायला जर्मनीला गेली, तर तिची फी आणि तिथला खर्च ‘प्रवास’ ह्या सदरात नावे पडतो. शिक्षणाला आपण गुंतवणूक म्हणतो, हिशेब मात्र त्याला खर्चच समजतो.

पायरी ४: माणसांनी पाठवलेला पैसा, आणि एका घरातले दोन भाऊ

इथे घाई करू नका. देशाच्या तक्त्यातली सगळ्यांत कोकणी ओळ हीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या कौटुंबिक पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, २०.५ टक्के निघाला. केरळ १९.७ टक्क्यांवर. त्यात मुंबई-पुण्याचा हिस्सा मोठा असणार हे उघड आहे, पण खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा ह्या बाजूला आखातातल्या पैशावर उभी राहिलेली घरं मोजायला पाहणीची गरज पडत नाही.

समजा, दापोली तालुक्यातल्या एका घरात दोन भाऊ. थोरला दहा वर्षं कुवेतला, धाकटा बोटीवर. दोघांचे पैसे आईच्या नजरेत सारखेच. व्यवहारतोलात ते दोन वेगळ्या ओळींत जातात. थोरला वर्षाहून जास्त काळ तिथे राहतो, म्हणून हिशेबासाठी तो कुवेतचा रहिवासी. त्याने घरी पाठवलेले पैसे ‘खासगी हस्तांतरण’, म्हणजे दुय्यम उत्पन्न (बदल्यात काही न देता मिळालेला पैसा). धाकटा आठ-नऊ महिने समुद्रावर असला, तरी ह्या हिशेबात जहाज म्हणजे राहण्याचा देश नव्हे. त्याचं घर इथलं, म्हणून तो इथलाच रहिवासी धरला जातो. परदेशी कंपनीने दिलेला त्याचा पगार ‘कर्मचाऱ्यांचा मोबदला’, म्हणजे प्राथमिक उत्पन्न (कामाच्या किंवा भांडवलाच्या बदल्यात मिळालेला पैसा). आयकर खात्याच्या किंवा फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत धाकटा अनिवासी ठरू शकतो. तो निकष वेगळा, हा वेगळा. एकाच माणसाची दोन खात्यांत दोन राहती ठिकाणं, आणि दोन्ही कायदेशीर.

हे वर्गीकरण होतं कुठे? तुमच्या बँकेत. बाहेरून थेट आलेल्या रकमेची सूचना किंवा प्रमाणपत्र बँकेकडून मागून घ्या आणि त्यावर ‘पर्पज कोड’, म्हणजे पैसा कशासाठी आला ते सांगणारा कोड, शोधा. ‘पी’ने सुरू होणारा कोड म्हणजे आलेला पैसा, ‘एस’ने सुरू होणारा म्हणजे गेलेला. ‘पी १३०१’ असेल तर कुटुंबाच्या खर्चासाठी आणि बचतीसाठी अनिवासी भारतीयाने पाठवलेली रक्कम. ‘पी १४०१’ म्हणजे कर्मचाऱ्याचा मोबदला. आंबा किंवा मासळी निर्यात करणाऱ्याच्या कागदावर ‘पी ०१०२’ दिसेल, म्हणजे निर्यातबिलाची वसुली, आणि माल पाठवण्याआधी घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘पी ०१०३’. जर्मनीला शिकायला गेलेल्या मुलीच्या फीवर ‘एस ०३०५’. हेच कोड बँका रिझर्व्ह बँकेला कळवतात आणि तक्त्यातल्या ओळी त्यातून भरल्या जातात. काउंटरवर सवयीने चुकीचा कोड पडला, तर देशाच्या आकड्यात एवढासा फरक पडतो. निर्यातदाराची मात्र पंचाईत होते, कारण शिपिंग बिलासमोर वसुली जुळत नाही आणि नोटिसा सुरू होतात. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की कोड त्याच दिवशी बघा, वर्षअखेरीला नको.

प्राथमिक उत्पन्नाच्या ओळीत धाकट्याचा पगार जमा बाजूला असला तरी ती ओळ एकूण उणे असते. परदेशी कंपन्यांचा इथला नफा, लाभांश, कर्जावरचं व्याज तिथूनच बाहेर जातं.

पायरी ५: बेरीज करा

२०२४-२५ घेऊ, पहिल्यांदा जाहीर झाले त्या आकड्यांनी. मालाची तूट २८७.२ अब्ज डॉलर. सेवांतून निव्वळ आले १८८.८. उरली ९८.४ ची तूट. प्राथमिक आणि दुय्यम उत्पन्नाच्या ओळी मिळून, म्हणजे बाहेर गेलेला नफा-व्याज वजा करून आणि थोरल्या भावांनी पाठवलेले पैसे धरून, निव्वळ सुमारे ७५ आले. नुसती खासगी हस्तांतरणाची जमा बाजू १३५ अब्जांच्या वर होती. शेवटी चालू खात्याची तूट राहिली २३.३ अब्ज, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ टक्के.

२८७ चा मथळा आणि २३ ची तूट, दोन्ही खरे आहेत. घाबरायचंच असेल तर निदान दुसऱ्या आकड्याला घाबरा.

राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेली टक्केवारी हेच तुलनेचं माप. २०१२-१३ मध्ये ही तूट ४.८ टक्के होती आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुपया ६८ च्या पलीकडे घसरला. पण शिल्लक दिसली म्हणून लगेच पेढे वाटू नका. २०२०-२१ मध्ये चालू खात्यात ०.९ टक्के शिल्लक होती, कारण टाळेबंदीत कारखाने-गाड्या थंड होत्या, तेल स्वस्त होतं आणि आयातच आटली होती. तिमाहीचंही तसंच: जानेवारी ते मार्च ही तिमाही अनेकदा चांगली दिसते, २०२५ मध्ये तर तिच्यात १३.५ अब्जांची शिल्लक होती. तुलना मागच्या तिमाहीशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

पायरी ६: उरलेली तूट कोणी भरली

हा भाग बातम्यांत क्वचित येतो आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पत्रकात खाली वित्तीय खातं असतं. त्यात चार ओळी बघा: थेट परकीय गुंतवणूक, शेअर-रोख्यांतली गुंतवणूक, कंपन्यांनी बाहेरून घेतलेली कर्जं, आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी. कारखाना उभा करणारा पैसा सहज उठून जात नाही. शेअर बाजारातला एका आठवड्यात जातो. कर्ज आणि ठेवी परत करायच्याच असतात.

२०२४-२५ मध्ये थेट गुंतवणूक निव्वळ जेमतेम १ अब्ज डॉलर आली, शेअर-रोख्यांत ३.६, बाहेरची कर्जं १८.७, आणि अनिवासींच्या ठेवी १६.२. म्हणजे चालू खात्याची तूट लहान होती, पण ती भरायला आलेला पैसा बहुतांश परतफेडीचा होता. ०.६ टक्क्यांच्या मथळ्यात हे दिसत नाही.

ठेवींची गंमत समजून घेण्यासारखी आहे. थोरल्याने कुवेतहून हजार डॉलर आपल्या एनआरई खात्यात (अनिवासींचं इथल्या बँकेतलं रुपयातलं खातं) टाकले. घरच्यांना वाटतं पैसे आले. देशाच्या हिशेबात ती देणेदारी झाली, कारण तो पैसा तो कधीही डॉलर करून बाहेर नेऊ शकतो. पुढे त्याच्या बायकोने दापोलीच्या एटीएममधून त्या खात्यातले वीस हजार रुपये काढले, की तेवढी देणेदारी कमी होते आणि तेवढीच रक्कम चालू खात्यात ‘खासगी हस्तांतरण’ म्हणून जमा होते. त्या दिवशी सीमेपलीकडून एक डॉलरही आलेला नसतो. उसना पैसा कमाईचा झाला तो एटीएमच्या दारात.

आणि हा फरक निव्वळ कागदी नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, लाखाहून जास्त भारतीय विमानांनी परत आणावे लागले, तिकडून येणारा पैसा थांबला. त्याच सुमारास भारत देणी फेडू शकेल ह्यावरचा विश्वास उडाला आणि अनिवासींनी ठेवी काढून न्यायला सुरुवात केली. चालू खातं आणि वित्तीय खातं, दोन्हीकडून एकाच वेळी गळती. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी पाठवावं लागलं. उलटही घडलं आहे. २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने परकीय चलनातल्या अनिवासी ठेवींसाठी खास सोय उघडली आणि काही महिन्यांत २६ अब्ज डॉलर गोळा झाले. ठेवीदार तेच. परिस्थिती पाहून येणारे आणि परिस्थिती पाहून जाणारे.

पायरी ७: गंगाजळी वाचताना सोन्याचा भाव हाताशी ठेवा

मार्च २०२४ अखेर गंगाजळी ६४६ अब्ज डॉलरच्या आसपास होती, मार्च २०२५ अखेर ६६८. मधल्या काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती ७०० च्याही वर जाऊन आली होती. वर्षभरात २२ अब्जांची वाढ, असं कोणीही म्हणेल. पण व्यवहारतोलाच्या तक्त्यात त्याच वर्षी गंगाजळीतून ५ अब्ज डॉलर कमी झाले आहेत. दोन्ही आकडे रिझर्व्ह बँकेचेच आणि दोन्ही बरोबर. गंगाजळीत डॉलरशिवाय युरो, पौंड, येन आणि सोनं असतं. सोनं महागलं किंवा डॉलरच्या तुलनेत युरो वधारला, की एकही व्यवहार न होता डॉलरमधला एकूण आकडा फुगतो. ह्या पुनर्मूल्यांकनातून त्या वर्षी सुमारे २७ अब्ज वाढले, व्यवहारांतून ५ गेले, उरली २२ ची वाढ.

शुक्रवारच्या पत्रकात परकीय चलन मालमत्ता आणि सोनं ह्या ओळी वेगळ्या दिलेल्या असतात. एकूण वाढ सोन्याच्या ओळीतच असेल आणि त्या आठवड्यात सराफाकडेही भाव चढले असतील, तर देशाने काही कमावलेलं नाही. चलन मालमत्तेची ओळ घटत असेल आणि रुपयाही घसरत असेल, तर रिझर्व्ह बँक डॉलर विकून घसरण सावरते आहे असं समजायला हरकत नाही. एका आठवड्यावरून मात्र नको. चार शुक्रवारचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा, शेजारी रुपयाचा दर लिहा, आणि मग बोला.